तुकडे जोडायचा दोरा वेगळा, वाकळ टाचायचा वेगळा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. माझ्या लक्षात आलं ते असं. आईच्या सहा सुती साड्या, दोन सिंथेटिक साड्या आणि वडिलांचे टेरिकॉटचे शर्ट, एवढ्या कापडातून सहा-सहा इंचाचे चौकोन जोडून तुम्हाला साठ बाय नव्वद इंचाची गोधडी करायची आहे. दुकानदार म्हणतो पोलीचा, म्हणजे पोलिस्टरचा, दोरा घ्या, कधी तुटणार नाही. व्हिडिओतली बाई म्हणते 50 नंबरचा सुतीच घ्या. शेजारच्या काकू म्हणतात गोधडीला गोधडीचाच जाड दोरा. मधल्या काळात तुम्ही पोलीच्या दोऱ्यानं एक छोटं दुपटं शिवून पाहिलं, ते धुतलं, आणि शिवणीला लागून साडीचं कापड फाटलं. दोरा मात्र जसाच्या तसा. आता कात्री लावायला हात धजत नाही, कारण आईच्या साड्या काही परत मिळायच्या नाहीत.

तिघांपैकी खोटं कोणीच बोललेलं नाही. तिघं तीन वेगळ्या कामांबद्दल बोलताहेत, एवढंच. दुकानदाराच्या डोळ्यांसमोर ब्लाउज आणि शर्ट आहे. काकूंच्या डोळ्यांसमोर वाकळ टाचणं आहे. व्हिडिओतल्या बाईपुढे नवंकोरं, एकसारखं सुती कापड आहे. तुमच्याजवळ जुनं, मऊ झालेलं, तीन जातींचं कापड आहे. त्यामुळे सुती की पोली हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे, की या दोऱ्यानं नेमकं कोणतं काम करायचं आहे आणि तो ज्या कापडात जाणार त्यात किती जीव उरलाय.

मी अंबाजोगाईत शिवणकामाचे वर्ग घेते आणि गेली सव्वीस-सत्तावीस वर्षं गोधड्या करते, हाताच्या आणि मशीनच्या दोन्ही. शिकले सासूबाईंकडून. त्यांना नंबर-बिंबर काही कळत नव्हतं, पण मी पहिल्यांदा लुगड्याला दंड घालायला बसले तेव्हा माझ्या हातातला दोरा बघून त्या म्हणाल्या होत्या, "कामून एवढा माजुरा दोरा घेतलीस? कापडापेक्षा दोरा जोरावर आला की तो कापडालाच खातो." लुगडं मधे विरलं की विरलेला पट्टा कापून टाकायचा आणि दोन्ही बाजू जोडायच्या, तो दंड. आपल्या बायकांना तुकडे जोडण्याचं शास्त्र त्या दंडानं शिकवलंय. दंडाच्या दोन्ही अंगाला जुनंच कापड असतं, म्हणून तिथे जाड दोरा कधीच चालत नसे. कित्येकदा त्याच लुगड्याच्या पदरातून ओढून काढलेल्या सुतानं दंड घातला जाई.

तुमच्या दुपट्याचं तेच झालं. सारख्या जाडीचे सुती आणि पोलिस्टर दोरे घेतले तर पोलिस्टरचा ढोबळमानानं दीडपट मजबूत निघतो. नव्या कापडाला त्याचं काही वाटत नाही. पण वीस वर्षं नेसलेल्या, उन्हात वाळलेल्या साडीत ताण आला की कोणीतरी हार मानणारच, आणि तिथे कापड हरतं. दोरा तुटला असता तर अर्ध्या तासात परत टीप मारता आली असती. कापड फाटलं की चौकोनच बदलावा लागतो. म्हणून जुन्या कापडाच्या जोडाला दोरा कापडापेक्षा बारीक आणि थोडा हळवा हवा. तुटायचंच झालं तर आधी त्यानं तुटावं.

पोलिस्टरचा दोरा सुती कापडाला सुरीसारखा कापतो असंही पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. ते मी एवढ्या ठामपणे म्हणणार नाही. माझ्याकडे पोलीनं जोडलेल्या, पंधरा वर्षं वापरलेल्या गोधड्या आहेत आणि त्या धड आहेत. पण त्या नव्या कापडाच्या. फाटण्यात नुसत्या दोऱ्याचा हात नसतो. टाके फार बारीक घातले की पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग तयार होते आणि कापड तिथूनच फाटतं. सुई जाड असली तर प्रत्येक भोक मोठं. घरच्या काळ्या मशीनला बहुतेक वेळा 16 नंबरची सुई वर्षानुवर्षं तशीच बसवलेली असते, टोक बोथट झालेली. असली सुई कापडाचे धागे बाजूला सारत नाही, तोडते. तुम्ही कोणती सुई वापरली ते लिहिलेलं नाही, म्हणून सगळा दोष दोऱ्यावर ढकलायला मी तयार नाही. जुन्या साड्यांना 11 किंवा फार तर 14 नंबरची नवी सुई घ्या आणि इंचात दहा-अकरा टाके पडतील असं ठेवा. मिलिमीटरचे आकडे असलेलं मशीन असेल तर अडीचच्या आतबाहेर.

आता काम कोणतं ते बघू. वाकळेत दोऱ्याची दोन कामं असतात. एक, चौकोन एकमेकांना जोडणं. हा जोड आत लपतो, वरून दिसत नाही, आणि वाकळ टाचून झाली की त्याच्यावरचा बराच भार हलका होतो. दुसरं, वरचा थर, मधला थर आणि अस्तर एकत्र धरून ठेवणं, म्हणजे टाचणं. तो धावदोरा वरून दिसतो, अंगाला घासतो, आणि घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं तेव्हा दगडावरचा मारही तोच खातो. भिजलेली वाकळ उचलायला दोन माणसं लागतात. ते सगळं वजन टाचायच्या दोऱ्यावर लोंबकळत असतं. तिथे काकू म्हणतात तो जाड, तीनपदरी सुती दोराच हवा, त्याबद्दल वादच नाही. पण तोच दोरा चौकोन जोडायला वापरलात तर दोन घोटाळे होतात.

पहिला घोटाळा मापाचा. हा लवकर कोणाच्या लक्षात येत नाही. चौकोनाला आपण चहूबाजूंनी पाव इंच माया सोडतो, म्हणजे साडेसहा इंचाचा कापला की जोडल्यावर सहाचा राहावा. पण कापड टाक्यावरून दुमडतं तेव्हा दुमडीत दोऱ्याची जाडी मधे येते. जाड दोरा असला की दर शिवणीला अर्धा ते एक मिलिमीटर कापड त्या घडीत गडप होतं. एका शिवणीत ते दिसत नाही. तुमच्या आडव्या रांगेत दहा चौकोन आहेत, म्हणजे नऊ शिवणी. नऊ मिलिमीटर गेले म्हणजे जवळजवळ बोटभर पट्टी गेली. मग काय होतं, ज्या रांगेत जाड शर्टाचे चौकोन जास्त ती आखूड, पातळ साड्यांची रांग लांब, आणि दोन रांगा जोडताना कोपऱ्याला कोपरा जुळत नाही. आपण म्हणतो मला कापताच येत नाही. कापणं बरोबर असतं, दोरा जागा खात असतो.

हे घरी दहा मिनिटांत तपासता येतं. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, कोणत्याही टाकाऊ कापडाच्या चालतील. पाव इंच माया ठेवून तिन्ही शेजारी-शेजारी जोडा. शिवण एका बाजूला पाडून इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच भरायला हवी. कमी भरली तर एकतर दोरा बारीक घ्या किंवा माया दोन धाग्यांनी कमी करा. माझ्या वर्गात नवीन मुलगी आली की पहिल्या दिवशी हेच करायला लावते. त्या कंटाळतात. चौथ्या दिवशी कोपरे जुळायला लागले की कंटाळा जातो.

दुसरा घोटाळा शिवणीच्या फुगवट्याचा. जिथे चार चौकोनांचे कोपरे एकत्र येतात तिथे कापडाचे आठ थर जमतात. त्यात जाड दोरा म्हणजे गाठच. हातानं टाचताना सुई तिथे अडते, अंगुस्तान घातलं तरी बोट दुखतं, आणि मशीनवर टाचणार असाल तर सुई मोडते.

म्हणजे जोडायला बारीक दोरा. पण बारीक म्हणजे किती? दोऱ्याच्या नंबरात इतकी फसगत आहे की दुकानदारही गोंधळतात. व्हिडिओतल्या बाईचा 50 नंबर हा वजनावरचा. त्या पद्धतीत 50 म्हणजे 50 किलोमीटर दोऱ्याचं वजन एक किलो, म्हणजे एक किलोमीटरला वीस ग्रॅम. काही कंपन्यांचा 50 थोडा जाड, चोवीस ग्रॅमपर्यंत निघतो. औरिफिल कंपनीचा दोनपदरी 50 परदेशी गोधडीवाल्या बायका इतक्या आवडीनं वापरतात, तो याच जातीचा. पण तुम्ही लातूरच्या बाजारात जाऊन नुसतं "50 नंबर द्या" म्हणालात आणि त्यानं पोलिस्टरचा 50 तिकीट नंबर (जाडी सांगायची ही वेगळीच पद्धत) काढून दिला, तर त्याच्या एका किलोमीटरचं वजन साठ ग्रॅमच्या घरात असतं. आकडा तोच, दोरा अडीच-तीनपट जड. तो जीन्सला आणि पिशव्यांना वापरायचा दोरा आहे.

म्हणून आकडा एकटा कधी बघू नका, त्याच्याबरोबर काय लिहिलंय ते बघा. रिळावर किंवा कोनच्या बुडाशी "टेक्स" लिहिलेलं असेल तर उत्तम, कारण टेक्स म्हणजे सरळ एक किलोमीटरचे ग्रॅम. तिथे फसवाफसवी नाही. जोडकामाला 20 ते 30 टेक्समधला दोरा हवा. टेक्स नसेल आणि "40/2" असं लिहिलं असेल तर ते दोनपदरी चाळीसचं सूत, टेक्स तीसच्या जरासं आत. पोलिस्टरवर 120 तिकीट लिहिलं असेल तर तेही जवळपास तेच. "60/2" आणखी बारीक, विसाच्या आसपास. हा जुन्या पातळ साड्यांना फार छान बसतो, पण आपल्याकडे सहजी मिळत नाही, संभाजीनगर किंवा पुण्याहून मागवावा लागतो. काहीच लिहिलेलं नसेल तर हातभर दोरा काढा, उलटा पीळ देऊन पदर मोजा, आणि घरच्या ब्लाउजमधल्या टिपेच्या दोऱ्याशेजारी धरा. त्याहून जाड वाटला तर जोडायला घेऊ नका.

नंबर झाला, आता दर्जा. सुती दोऱ्यात फरक पडतो तो कापसाच्या तंतूच्या लांबीनं. आपण कापूस पिकवणारी माणसं. माझ्या माहेरी वडील कितीतरी वर्षं नांदेड-44 लावायचे, घरात कापसाचे ढीग असायचे. पण तो मध्यम लांबीचा कापूस, कापडाला चांगला. उत्तम शिवणदोऱ्याला लांब तंतूचा लागतो, इजिप्तचा किंवा दक्षिणेतला सुविन. आखूड तंतूचा दोरा उजेडासमोर धरला की केसाळ दिसतो, मधेच जाड मधेच बारीक, आणि तासाभरात बॉबिनच्या घरात पांढरा कचरा भरून ठेवतो. "मर्सराइज्ड" लिहिलेला सुती दोरा मिळाला तर दोन पैसे जास्त देऊन घ्या. सुताला कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात घालायची ही पद्धत 1844 साली इंग्लंडात जॉन मर्सर यांनी शोधली, त्यांच्याच नावावरून हा शब्द आला. पुढे सूत ताणून धरून ती प्रक्रिया करायला लागले तेव्हा त्याला चकाकी आली. त्यानं दोरा मजबूत होतो, रंग चांगला धरतो आणि कमी केसाळ राहतो.

पण "ग्लेझ्ड" किंवा खळ-मेण चढवलेला, हाताला कडक लागणारा सुती दोरा मशीनमध्ये घालू नका. तो हातानं टाचण्यासाठी बनवलेला असतो. त्याचं मेण टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्यांमध्ये साचतं आणि मग कुठलाच दोरा नीट चालत नाही. एकदा घाईत मीच घातला होता. दोन दिवस वाटत राहिलं मशीन बिघडलं. मेकॅनिकनं चकत्या उघडल्या आणि आतला चिकटा काढून माझ्या हातावर ठेवला. तो काही बोलला नाही, मीही काही बोलले नाही.

घ्यायचे नाहीत असे आणखी काही दोरे सांगते, कारण दुकानात हेच पुढे केले जातात. ओव्हरलॉकचा स्वस्त कोन नको. तो कडा धरायला असतो, एकट्या टिपेवर त्याचा भरवसा नाही. भरतकामाचा चमकदार रेशमी दिसणारा दोरा बऱ्याचदा रेयॉनचा असतो आणि रेयॉन ओला झाला की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. सुताचं उलट आहे, ओलं झालं की ते थोडं बळकटच होतं. धुवायच्या वस्तूला रेयॉन कशाला? नायलॉनचा पारदर्शक दोराही नको, उन्हानं तो ठिसूळ होतो आणि आपल्याकडे वाकळ उन्हातच पडलेली असते. आणि आईच्या शिवणाच्या डब्यातली जुनी रिळं, हे तुम्ही विचारलेलं नाही पण मला माहीत आहे मनात आलं असणार. ती ठेवा, जपा, पण त्यांनी शिवण्याआधी हातभर दोरा काढून झटका द्या. चांगला दोरा ताण घेऊन टचकन तुटतो. जुना कुजलेला भुसभुशीत तुटतो, जवळजवळ आवाजच येत नाही. मी एका बाईची अख्खी गोधडी तिच्या सासूच्या रिळांनी जोडली होती, भावनेच्या भरात. सहा महिन्यांत ठिकठिकाणी उसवली. परत जोडून दिली, पैसे न घेता.

दुकानदार "प्युअर कॉटन" म्हणाला म्हणून विश्वास ठेवू नका. वीतभर दोरा चिमट्यात धरून काडी लावा. सुती दोरा कागदासारखा जळतो, मागे राखाडी मऊ राख उरते. पोलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी होतो. अर्धं राख अर्धा मणी झाला तर मिश्र दोरा. मिश्र म्हणजे वाईट असं मुळीच नाही. वरून सूत आणि आत पोलिस्टरचा गाभा असलेला दोरा शिवायला फार गुळगुळीत चालतो, फक्त आपण काय घेतोय ते ठाऊक हवं.

आता खास तुमच्या कापडाचं. इथे एक उत्तर सगळ्याला लागू पडत नाही.

सहा सुती साड्यांना 20 ते 30 टेक्सचा मर्सराइज्ड सुती दोरा. पण त्याआधी प्रत्येक साडीची परीक्षा घ्या. साडीचा जिथे जास्त वापर होतो तिथून, म्हणजे बसण्याच्या जागेकडून, दोन छोटे तुकडे काढा, जोडा, आणि शिवणीच्या दोन्ही बाजू धरून हळूहळू ओढा. दोरा तुटला तर साडीत दम आहे. दोरा शाबूत आणि कापड चिरलं तर त्या साडीचा तो भाग एकटा वापरायचा नाही. त्याला मागून ब्लाउजचं पातळ सुती अस्तर लावून, दोन्ही एकत्र कापून चौकोन करा. अस्तर आधी पाण्यात भिजवून वाळवलेलं असू द्या. पदर आणि निऱ्यांच्या आतलं कापड बहुतेक वेळा चांगलं निघतं. साडी माणसासारखी असते, सगळीकडून सारखी झिजत नाही.

वडिलांच्या टेरिकॉट शर्टांत पोलिस्टर आहे, ते आटत नाही. त्यात सुती दोरा घातला आणि गरम पाण्यात धुतलं तर कापड जागच्या जागी राहतं आणि दोरा थोडा आटतो, मग शिवणीवर बारीक चुण्या येतात. शर्टाला शर्ट जिथे जोडला जातो तिथे 120 तिकिटाचा पोलिस्टर दोरा वापरा. ते कापड अजून भक्कम असणार, तिथे दोरा जोरावर असला तरी काही बिघडत नाही. सिंथेटिक साड्यांचंही तेच, फक्त सुई 11 ची आणि कागदाची पट्टी खाली धरून शिवा, नाहीतर मशीनचे दात ते सुळसुळीत कापड आत ओढतात. शिवल्यावर कागद फाडून काढा.

आणि सुती साडी शर्टाला जोडली तर? तिथे दोघांतलं जे अशक्त त्याच्याकडे बघायचं. म्हणजे सुती दोरा. चुण्यांची धास्ती असेल तर दोऱ्याचं रीळच रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत पूर्ण वाळवून मग वापरा. त्यानं दोरा आधीच थोडाफार आटून घेतो. लाकडी रीळ असेल तर भिजवू नका, दोरा सैलसर लडी करून भिजवा. ज्यांना एवढं सांभाळायचं नाही त्यांनी सगळीकडे बारीक सुती दोरा वापरला तरी गोधडी होईल, शर्टांच्या शिवणी किंचित गोळा होतील इतकंच, आणि टाचल्यावर वाकळेला एरवीही सुरकुत्या असतातच. मला स्वतःला त्या सुरकुत्या आवडतात. ज्याला इस्त्रीची घडी लागते त्यानं वाकळ पांघरू नये.

चुण्यांवरून आणखी एक. तुम्हाला धुण्याआधीच, शिवल्या शिवल्या चुण्या दिसल्या तर त्या आटण्याच्या नाहीत. पोलिस्टरचा दोरा बॉबिनवर जोरात, ताणून गुंडाळला की तो लांबतो, आणि कापडात शिवला गेल्यावर परत आखडतो. मशीन मोटारीचं असेल तर हे हमखास होतं. बॉबिन सावकाश भरा. आणि वर एक दोरा, खाली दुसराच, असं जोडकामात करू नका. दोन्हीकडे एकच दोरा असला की टेन्शन एकदा लावलं की झालं.

पोलिस्टर दोऱ्याला इस्त्रीचं भय असतं असं म्हणतात. तो वितळतो अडीचशे अंशांच्या वर, घरची विजेची इस्त्री तिथपर्यंत जात नाही. कोळशाची इस्त्री वापरत असाल तर मात्र सांभाळा, तिला अंदाज नसतो. इस्त्री घासायची नाही, ठेवायची आणि उचलायची, नाहीतर तिरप्या धाग्याचे चौकोन ताणले जाऊन पतंग होतात. शिवण उघडून दोन बाजूंना पाडण्यापेक्षा एका बाजूला, गडद कापडाकडे पाडा. उघडली तर मधे नुसता दोराच उरतो आणि सगळा ताण त्याच्यावर येतो. एका बाजूला पाडली की खाली कापडाचा आधार मिळतो.

रंगाचं फार मनावर घेऊ नका. प्रत्येक चौकोनाला जुळणारं रीळ घ्यायला निघालात तर गोधडीपेक्षा दोराच महाग पडेल. मधल्या छटेचा राखाडी दोरा गडद-फिक्या सगळ्यात मिसळून जातो. साड्या बहुतेक फिक्या असतील तर मोतिया. पांढरा शुभ्र आणि कुळकुळीत काळा, दोन्ही शिवणीतून डोकावतात. लाल, मरून दोरा मात्र पारखून घ्या. ओल्या पांढऱ्या धोतराच्या तुकड्यावर दोरा ठेवून वरून गरम इस्त्री दाबा, रंग उतरला तर तो दोरा घरात ठेवू नका. हे मी लग्नाच्या रुखवतातल्या एका गोधडीवर शिकले, पांढऱ्या चौकोनांच्या कडेनं गुलाबी रेघा. वधूच्या आईला सांगताना जी अवस्था झाली होती ती अजून आठवते.

दोरा लागतो किती, तेही विचारलंय. साठ बाय नव्वदमध्ये सहा इंचाचे चौकोन म्हणजे दहा आणि पंधरा, एकूण दीडशे. उभ्या शिवणी नऊ, प्रत्येकी नव्वद इंच. आडव्या चौदा, प्रत्येकी साठ इंच. मिळून 1650 इंच, म्हणजे जवळपास बेचाळीस मीटर. मशीनच्या टिपेला वरचा-खालचा मिळून शिवणीच्या अडीच ते तीनपट दोरा जातो. म्हणजे 105 ते 126 मीटर. सुरुवात-शेवटाची टोकं, उसवणं, तुटणं धरून शंभर मीटरची दोन रिळं काठावर पुरतील, तीन घ्या. टाचायच्या जाड दोऱ्याचा हिशेब यात धरलेला नाही. तो टाके किती दाट घालणार त्यावर अवलंबून असतो, आणि माझ्या अनुभवात तो नेहमीच अंदाजापेक्षा जास्त लागतो.

कापायला सुरुवात शर्टांपासून करा, साड्यांपासून नको. शर्टांचे आठ-दहा चौकोन जोडेपर्यंत तुमचा हात बसेल, माया कळेल, मशीन कुठे खोड्या करतं ते कळेल. वडिलांच्या शर्टाचा खिसा न उसवता तसाच चौकोनात येऊ देता येतो, त्यासाठी खिसा मधोमध येईल असा चौकोन आखायचा आणि खिशाची जाड पट्टी शिवणीपासून निदान बोटभर लांब ठेवायची. खिसा लहान चौकोनात मावला नाही तर तेवढा एक चौकोन बारा इंचाचा करून चारांच्या जागी बसवा. शिवणी त्यानं दोन-चार कमीच होतील.